त्या खोलीत मीही होतो

"काढ तो झगा. आत्ताच्या आत्ता काढ."

थोरल्या बाई हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी नऊ वर्षांचा. माणगावच्या आतल्या अंगाला आमचं गाव, गावात जुनं चर्च, आणि त्या दिवशी नाताळचं नाटक. गुरुजींनी मला देवदूत केलं होतं, कारण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. पांढरा झगा थोरल्या घरचा होता. त्यांचा मुलगा तो नंतरच्या गाण्यात घालणार होता.

"याचा घाम लागल्यावर आमचा पोरगा घालेल का तो?" बाईंनी गुरुजींना विचारलं. गुरुजी खाली बघत राहिले.

मी झगा डोक्यावरून काढला. आत फक्त फाटकी चड्डी. पडदा नव्हताच. बाकांवर थोरली घरं बसलेली, मागे चटईवर आम्ही. कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. माझा बाप त्याच चर्चमध्ये झाडू मारायचा. तो दाराशी उभा होता. तिथून बाहेर निघून गेला.

घरी आई म्हणाली, "गप ऱ्हा. आत बसू देत्यात, ते काय कमी हाय?"

मी गप राहिलो, पण मनात ठरवलं. पाळक व्हायचं. पाळकाचा झगा कोण उतरवणार?

हा माझा अपमान. तो मी चाळीस वर्षं सांगत आलो. प्रवचनात सांगितला, तरुणांच्या शिबिरात सांगितला. बायका डोळे पुसायच्या. माझं नाव झालं त्याच्यावर.

आता जे सांगतो आहे ते मी कधीच सांगितलं नव्हतं.

मुरुडहून आगरदांड्याच्या जेट्टीकडे जाताना खाडीच्या बाजूला एक फाटा उतरतो. तिथे आमचं चर्च. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, लहानशीच. काही जुनी, सुखवस्तू घरं, बाकी हातावर पोट असलेली. मी इथे सव्वीस वर्षं पाळक होतो. निवृत्त झाल्यावर कमिटीने चर्चच्या आवारातल्याच दोन खोल्या मला राहायला दिल्या. बायको, एस्तेर, मागच्या कबरस्तानात आहे. तिच्या शेजारची जागा माझ्या नावाने राखलेली.

मी पाळक असताना मार्था नावाच्या बाईला मूल झालं. मार्थाचा नवरा शमुवेलरावांच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. शमुवेलराव तेव्हा मंडळीचे खजिनदार, आज सेक्रेटरी. त्या लेकराचा बाप्तिस्मा मी केला. मुलगा म्हणून नाव ठेवलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आज तिचं नाव करुणा आहे, आणि तिने मला तेवढंच नाव घ्यायला सांगितलं आहे.

करुणा लहानपणापासून मुलींत बसायची. आम्ही हसण्यावारी नेलं. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा बापाला तिच्या दप्तरात ओढणी आणि काजळाची डबी सापडली. त्याने तिला कारखान्याच्या दारात, सगळ्या कामगारांसमोर मारलं. दुसऱ्या दिवशी मार्था माझ्याकडे आली. चप्पल बाहेर काढून, पदर तोंडाला लावून.

"पाळकसाहेब, आत काय शिरलंय ते काढा. न्हायतर हिचा बाप जीव घेईल." हिचा नाही, ह्याचा म्हणाली होती तेव्हा ती. आम्ही सगळेच तसं म्हणत होतो.

मी तिला म्हणालो, "काळजी करू नको. मी आहे."

मी आहे. हे शब्द मला आठवतात.

चर्चच्या मागे सामानाची खोली होती. मोडके बाक, चटया, सुगीच्या सणाच्या टोपल्या. एकच खिडकी, तिला आम्ही आतून फळी ठोकली. तीन दिवस उपास आणि प्रार्थना, असं ठरलं. उपास आमचाही होता, पण आम्ही पाळीपाळीने घरी जाऊन जेवून यायचो. करुणाला फक्त पाणी.

आम्ही तिघे होतो. शमुवेलराव, तिचा बाप आणि मी. शमुवेलरावांनी केस कापले. बापाने पाय धरले. डोकं मी धरलं. सोळा वर्षांपूर्वी ज्या डोक्यावर मी पाणी घातलं होतं, तेच.

"आवाज जाड काढ," शमुवेलराव म्हणाले. "म्हण, मी मुलगा आहे."

ती म्हणाली.

"मोठ्याने."

ती मोठ्याने म्हणाली.

"अजून मोठ्याने."

मी पवित्र शास्त्र वाचत होतो. तिचा आवाज चढला की माझाही चढायचा. दुसऱ्या दिवशी तिने माझा हात धरला आणि विचारलं, "काका, मी काय केलं?" तिच्या हातात ताप होता. मी हात सोडवून घेतला आणि पुढचं वचन वाचायला लागलो.

तिसऱ्या दिवशी ती रडायची थांबली. मला वाटलं, झालं. गेलं ते.

रविवारी मी तिला व्यासपीठावर उभं केलं. बापाचा शर्ट घातलेला, डोकं भादरलेलं. "प्रभूने मला बरं केलं," ती म्हणाली. आम्हीच शिकवलेलं वाक्य. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने ती गेली. कुणाला सांगून गेली नाही.

एस्तेरने त्या दुपारी माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि उभी राहिली. म्हणाली, "तुमचा झगा काढला, ते तुम्ही अजून विसरला नाहीत. त्या लेकराला तर तुम्ही सोलून काढलंत."

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हणालो आणि जेवलो.

मंडळीत ही गोष्ट 'प्रार्थनेचं उत्तर' म्हणून सांगितली गेली. खोलीत काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटलं, गुडघे टेकून प्रार्थना झाली. पुढे तिचा बाप वारला. मग उरलो शमुवेलराव आणि मी. आम्ही कधी त्यावर बोललो नाही. एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवलो.

दोन वर्षांपूर्वी मार्थाला अर्धांगवायू झाला आणि करुणा परत आली. पनवेलकडे एका दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करत होती, ते सोडून आली. आता साडी नेसते, केस पाठीवर. मुरुडला आईजवळ राहायची, एका लॉजच्या स्वयंपाकघरात काम करायची. दर रविवारी आईला चाकाच्या खुर्चीत बसवून, टमटम करून चर्चला आणायची. मागच्या बाकाशेजारी खुर्ची लावायची आणि स्वतः बाकाच्या टोकाला बसायची. माझ्याकडे बघायची नाही. मीही बघायचो नाही.

मंडळी मात्र बघत होती. सुरुवातीला कुजबुज. मग तिच्या बाकावरचे लोक एकेक करून पुढे जाऊन बसले. मग कुणीतरी बाकावर चिखल फासून ठेवला. ती आली, पदराने पुसला आणि बसली. काही बाया तिच्या बाजूने बोलायला लागल्या. "आईचं एवढं करते, तुमच्या कुठल्या मुलाने केलं?" रूथ नावाच्या तरुण शिक्षिकेने कमिटीला तोंडावर विचारलं. घराघरांत भांडणं लागली. एका घरी भाऊ भावाशी बोलेना.

शमुवेलरावांनी ठराव आणला की करुणाला प्रभुभोजन द्यायचं नाही. आमचा नवा पाळक आशीष, मनाने चांगला माणूस, पण घर, पगार, मुलांची शाळा सगळं कमिटीच्या हातात. त्याने मान डोलावली.

प्रभुभोजनाचा रविवार आला. त्या दिवशी मला मागच्याच बाकावर जागा मिळाली होती. आशीष भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकाने येत होता. आमच्या बाकाशी आला. मला दिलं. मार्थाच्या तोंडात तुकडा भरवला. करुणाने ओंजळ पुढे केली.

ताट तिच्या हातांवरून पुढे गेलं.

ओंजळ तशीच राहिली. आशीषचे कान लाल झाले होते. पुढच्या बाकावरून शमुवेलराव वळून बघत होते. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. शांतपणे. आपण दोघं एकाच बाजूचे, असं ते बघणं होतं.

मी उभा राहिलो. माझ्या हातातला तुकडा मोडला आणि अर्धा करुणाच्या ओंजळीत ठेवला.

कुणीतरी ओरडलं, "हे काय चाललंय?" पुढची चार घरं उठून बाहेर गेली. पेटी वाजवणारा थांबला. त्या गोंधळात करुणा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. अगदी हळू.

"काका, हे तुम्ही तुमच्यासाठी करताय."

"नाही गं."

"मग तिथून सांगा." तिने व्यासपीठाकडे बोट केलं. "जिथे मला उभं केलंत तिथून. काय केलं होतं ते सांगा."

तुकडा तिने खाल्ला नाही. आईला भरवला आणि खुर्ची वळवून निघून गेली.

त्यानंतर मंडळी फुटली. अकरा घरं चर्चला यायची बंद झाली आणि रविवारी माझ्या ओटीवर उपासनेला बसू लागली. रूथ पुढे होती. "पाळकसाहेब, तुम्ही उभे राहिलात म्हणून आम्हाला धीर आला," ती म्हणाली. तिची मुलगी माझ्याकडे शास्त्र शिकायला यायची. लोक माझे हात हातात घ्यायचे. मी त्यांना त्या खोलीबद्दल सांगितलं नाही. पहिल्या रविवारी नाही, दुसऱ्याही नाही. चांगलं वाटत होतं. लपवणार नाही, मला ते मानपान हवंहवंसं वाटत होतं.

मग एकेक गोष्टी घडायला लागल्या. आवारातल्या माझ्या नळाला पाणी येईना. एस्तेरच्या कबरेवरचा क्रूस एका सकाळी आडवा पडलेला होता. वारा नव्हता. भरदुपारी दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवरून फाटकासमोर येऊन थांबू लागली. उतरायची नाहीत, बोलायची नाहीत. मोबाइलवर फोटो काढायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी परत.

एका संध्याकाळी शमुवेलराव घरी आले. माझ्याच खुर्चीत बसले. चहा घेतला.

"पाळकसाहेब, आपलं वय झालं. कशाला हा व्याप?"

मी दारातून फाटकाकडे बघितलं.

"हल्ली दिवस वाईट आहेत. इथे लोकांना फसवून बाटवतात, असं बाहेरच्या पोरांच्या कानावर गेलं, तर पहिला दगड तुमच्याच ओटीवर पडेल. मी कुणाकुणाला आवरू?"

"तुम्हीच सांगितलंत का त्यांना?"

त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकला. "एस्तेरबाईंच्या शेजारची जागाही कमिटीच्या हातात आहे. तुम्ही समजदार आहात." मग पुढे वाकून, प्रेमाने बोलावं तसं बोलले. "आणि त्या खोलीत आपण दोघं होतो. तुमच्या ओटीवर बसणाऱ्या अकरा घरांना ते माहीत आहे? त्या शिक्षिकेला आहे? मी बोललो तर मला कोण विचारतो, मी धंदेवाला माणूस. पण तुम्ही?"

ते गेल्यावर मी उष्टा कप धुवायला घेतला. नळाला पाणी नव्हतं. कप हातात धरून मी तसाच उभा राहिलो. तेव्हा मला कळलं, या माणसाकडे माझ्याविरुद्ध दुसरं काहीच नाही. जे आहे ते मीच केलेलं आहे. ते मी लपवतो आहे तोवर मी त्याच्या मुठीत.

सर्वसाधारण सभा पुढच्याच रविवारी होती. दोन ठराव होते. करुणाचं नाव मंडळीच्या यादीतून काढायचं, आणि माझा व्यासपीठाचा हक्क काढून घ्यायचा. चर्च गच्च भरलं. ओटीवरची अकरा घरंही आली. करुणा दारात उभी होती, आईची खुर्ची धरून. तिला आत येऊ देत नव्हते.

मी दोन मिनिटं मागितली. आशीषने शमुवेलरावांकडे बघितलं. ते हसले. मी माफी मागणार, असं त्यांना वाटलं. "बोलू द्या," ते म्हणाले.

मी व्यासपीठावर चढलो.

"मागे जी सामानाची खोली आहे," मी म्हणालो, "तिथे आम्ही सोळा वर्षांच्या लेकराला तीन दिवस कोंडलं. उपाशी ठेवलं. शमुवेलरावांनी केस कापले. डोकं मी धरलं."

माईक बंद झाला. मी तसाच बोलत राहिलो. खिडकीला ठोकलेली फळी सांगितली. घरी जाऊन जेवून यायचो ते सांगितलं. ताप आलेला हात सोडवून घेतला ते सांगितलं. "ती बरी झाली नव्हती. ती आजारीच नव्हती. तिला आम्ही इथे उभं करून खोटं बोलायला लावलं. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या."

कुणी ओरडलं नाही. शमुवेलराव मागच्या दाराने निघून गेले. मार्थाच्या अर्ध्या तोंडातून आवाज येत होता, लांबलेला, शब्द नसलेला. करुणाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, खुर्ची वळवली आणि दोघी गेल्या. माझ्याकडे न बघता.

ठराव दोन्ही पास झाले.

रूथ बाहेर वाट बघत होती. चेहरा पांढरा पडलेला. "तुम्ही? मी माझ्या मुलीला तुमच्याकडे पाठवत होते."

"हो."

"परत माझ्या घरी येऊ नका," ती म्हणाली. बरोबरच म्हणाली.

अकरा घरांतली तीन उरली. ती येतात, बसतात, जातात. माझे हात कुणी हातात घेत नाही. कमिटीने खोल्या खाली करायची नोटीस दिली आहे. मोटारसायकल आता दिवसातून दोनदा येते. परवा त्या दोघांतला एक पहिल्यांदा बोलला. हसून म्हणाला, "काय बाबा, कधी निघताय?" नोटिशीचं त्याला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.

काल सकाळी मी एसटीने मुरुडला गेलो. करुणा दारात बसून बोंबील साफ करत होती. लॉजवाल्याने तिला कामावरून काढलं आहे. "पाहुणे कुरकुर करतात," असं सांगितलं त्याने. तिच्या खिडकीची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. तिने मला बसा म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.

"मी सोमवारी पोलिसांत जातो आहे," मी म्हणालो. "त्या तीन दिवसांचं सगळं लिहून देणार. शमुवेलरावांचं नाव. त्याच्या आधी माझं. तुझी हरकत असेल तर जाणार नाही."

तिचा विळीवरचा हात थांबला.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते."

"मला रोज वाटते," ती म्हणाली. "बाजारात जाताना, बसमध्ये चढताना. तुम्हाला आत्ता कुठे वाटायला लागली." मग तिने बोंबलाचं डोकं कापून बाजूला टाकलं. "जा. माझं एकच नाव लिहा. मला बोलावलं तर मी येईन आणि खरं ते सांगेन. पण तुमच्याबरोबर एका रिक्षात येणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

आतून मार्थाचा आवाज आला. करुणा हात धुऊन उठली आणि दार लोटून घेतलं.

परत आलो तर आशीष पायरीवर बसलेला. शमुवेलरावांचा निरोप घेऊन आला होता. पोलिसांत गेलात तर कबरस्तानातली जागा गेली, असा. सांगताना त्याला रडू आलं. मी त्याला म्हणालो, "त्यांना सांग, यादीतून माझं नाव आजच खोडा. ज्या फाटकातून करुणाला आत घेत नाहीत, त्या फाटकातून मला मेल्यावरही नेऊ नका. एस्तेर समजून घेईल. तिला हे माझ्या आधी कळलं होतं."

चार पानं लिहून झाली आहेत. वर माझं पूर्ण नाव, वय, पत्ता. पत्ता महिनाभरात बदलेल, तेही लिहिलं आहे. माझं वय झालं असलं तरी त्याची सूट मी मागितलेली नाही. पोलीस म्हणतील, आजोबा, एवढी जुनी गोष्ट, घरी जा. साहेब जेवायला गेलेत म्हणतील. उद्या या म्हणतील. मंडळीतलं कुणी आधीच जाऊन, म्हातारा भ्रमिष्ट झाला आहे, असं सांगून आलेलं असेल.

मी बाकावर बसून राहीन. मंगळवारी परत जाईन, बुधवारी जाईन. ती मोटारसायकल मागे आली तर येऊ दे.

त्यांनी लिहून घेईपर्यंत मी रोज जाणार.